पेलेट ग्रिलमधला भुसा: चाळायचा कधी, आणि खरी काळजी कशाची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही न्यू जर्सीत राहता, वसंतात पेलेट ग्रिल, म्हणजे दाबलेल्या लाकडाच्या छोट्या कांड्यांवर (पेलेटवर) चालणारं ग्रिल, घेतलं आणि सुरुवातीला ते छान चाललं. आता ऑगस्टमध्ये २२५ अंश फॅरनहाइटला लावलं तरी आकडा कधी १९० वर उतरतो, कधी २६० वर चढतो. गेल्या रविवारी चिकन लेग्ज निम्मे शिजलेले असताना आग विझलीच. नंतर हॉपर, म्हणजे पेलेट भरायची टाकी, उपसला तर तळाशी मूठ-दोन मुठी लाकडाचा भुसा निघाला. म्हणून तुम्ही विचारलंत की प्रत्येक पिशवी चाळायची का, चाळायची तर कुठल्या जाळीने, आणि निघालेल्या भुशाचं काय करायचं.

मी ह्यूस्टनमध्ये केटरिंग करते. मंडळाच्या सहली, वाढदिवस, घरगुती समारंभ असं काम असतं आणि बरंचसं पेलेट ग्रिलवरच होतं. ह्यूस्टनची हवा वर्षातले बरेच महिने दमट असते, त्यामुळे माझं मत त्या हवेत तयार झालेलं आहे. ॲरिझोनात राहणारा कुणी म्हणेल की मी आजवर पिशवी चाळलेली नाही आणि काही बिघडलं नाही, तर त्याच्या जागी तोही बरोबर असेल. तुमची उन्हाळी हवा मात्र माझ्या हवेच्या जवळची आहे.

उत्तर आधीच देऊन टाकते: प्रत्येक पिशवी चाळायची गरज नाही. भुसा प्रत्येक पिशवीत असतोच. पेलेटबरोबर थोडाथोडा पुढे जाऊन जळणारा भुसा फारसा त्रास देत नाही. त्रास होतो तो हॉपरच्या तळाशी आणि ऑगरच्या, म्हणजे पेलेट आगीकडे ढकलणाऱ्या स्क्रूच्या, नळीत साठून राहिलेल्या आणि तिथे ओल धरलेल्या भुशाचा. तेव्हा चाळणीच्या आधी हॉपरचा तळ बघायचा. पण हे नुसतं सांगून भागणार नाही, कारण तुमचं ग्रिल विझलं त्यामागे भुशाखेरीज आणखी कारणं असू शकतात.

आधी भुसा येतो कुठून ते बघू. पेलेट म्हणजे मुळात भुसाच. लाकूड बारीक करतात, वाळवतात आणि पोलादी साच्याच्या साधारण पाव इंची भोकांतून प्रचंड दाबाने बाहेर काढतात. दाबाने आणि घर्षणाच्या उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि थंड झाल्यावर तेच कणांना धरून ठेवतं. महाराष्ट्रात बॉयलरसाठी शेतातल्या काडीकचऱ्याच्या ब्रिकेट करतात, त्यांच्यामागेही हेच तत्त्व आहे. तुमच्या पिशवीत ओक, हिकरी किंवा चेरीसारखं कठीण लाकूड असणार. पाइनसारख्या मऊ लाकडापेक्षा अशा लाकडात लिग्निन कमी असतं, त्यामुळे कारखान्याने वाळवण्यात किंवा दाबात हयगय केली की पेलेट ठिसूळ होतो. पुढे ट्रकमध्ये थप्पी लागते, दुकानात पिशव्या आपटतात, तुम्ही गाडीतून काढून खांद्यावर टाकता. प्रत्येक वेळी टोकं झिजतात आणि तो चुरा पिशवीच्या तळाशी जाऊन बसतो. पिशवीतून डब्यात आणि डब्यातून हॉपरमध्ये ओततानाही थोडा भुसा तयार होतोच, म्हणून उगाच इकडून तिकडे ओतू नये.

मग किती भुसा म्हणजे जास्त? नजरेने ठरवायला गेलं तर फसगत होते, कारण भुसा हलका असतो आणि थोडाही भरपूर दिसतो. वजन करून बघा. अमेरिकेत घर तापवायच्या पेलेटसाठी पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूटचं मानक आहे. त्यात प्रीमियम दर्जासाठी भुसा वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंत आणि स्टँडर्ड दर्जासाठी १ टक्क्यापर्यंत चालतो. भुसा कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे: एक अष्टमांश इंची जाळीतून जो खाली पडतो तो. हे मोजमाप कारखान्याच्या दारातलं आहे, दुकानातलं नाही, आणि मानक घर तापवायच्या शेगडीच्या पेलेटसाठी आहे, स्वयंपाकाच्या पेलेटसाठी नाही. तरी मोजपट्टी म्हणून ते उपयोगी पडतं. २० पौंडांची पिशवी म्हणजे सुमारे ९ किलो, तिचा अर्धा टक्का ४५ ग्रॅम आणि एक टक्का ९० ग्रॅम. प्रवासाची झीज धरून ९० ग्रॅमपर्यंत मी काही म्हणत नाही. दीडशेच्या पुढे गेलं की त्या थप्पीतली दुसरी पिशवी उघडून बघते. दोनशेच्या पुढे गेलं तर पिशवी परत करते. हे आकडे माझ्या कामापुरते आहेत, नियम म्हणून घेऊ नका. पण स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक पिशवी तपासलीत तर निदान अंदाजावर चालावं लागणार नाही.

वजनाइतकाच महत्त्वाचा आहे पेलेट स्वतः. चार-पाच पेलेट घेऊन मोडून बघा. चांगला पेलेट टचकन आवाज करून मोडतो आणि त्याच्या अंगावर हलकी चमक असते. मोडताना आवाज येत नसेल, बोटात दाबल्यावर पीठ होत असेल, किंवा पेलेट फुगून अंगावर आडव्या चिरा पडल्या असतील, तर त्याला ओल लागली आहे. असा पेलेट चाळून सुधारत नाही, कारण चाळणीतून सहीसलामत राहिलेला तुकडा ऑगरमध्ये जाऊन भुसा होतो. उन्हात वाळवूनही तो पूर्वीसारखा होत नाही, कारण फुगलेले कण पुन्हा आवळून धरायला कारखान्यातला दाब लागतो. असे पेलेट ग्रिलमध्ये घालू नका.

आता भुसा ग्रिलमध्ये नक्की करतो काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या १९० आणि २६० चं उत्तर बरंचसं इथेच आहे.

ऑगर म्हणजे हॉपरच्या तळातून आगीपर्यंत जाणारा लांब स्क्रू. तो अगदी सावकाश फिरतो आणि प्रत्येक फेऱ्याला ठरावीक आकारमानाचं जळण पुढे ढकलतो. आपण ढकलतोय ते घट्ट दाबलेलं लाकूड आहे की सुटा भुसा, हे तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरला कळत नाही. त्याला फक्त तापमान कळतं. पेलेटचं घनफुटाला वजन साधारण ४० पौंड किंवा थोडं जास्त असतं. सुटा भुसा त्याच्या कितीतरी हलका. तळाचा भुसा एकगठ्ठा ऑगरमध्ये शिरला की काही वेळ आगीपर्यंत तितकंच आकारमान पोचतं, पण लाकूड कमी पोचतं. तापमान उतरतं. कंट्रोलर म्हणतो, आणखी ढकला.

दरम्यान फायरपॉटमध्ये, म्हणजे आग जिथे जळते तिथे, दुसरीच गंमत चालू असते. त्या छोट्या भांड्याला भोकं असतात आणि पंखा त्यांतून हवा मारतो. पेलेट नळकांड्यांच्या आकाराचे असल्याने त्यांच्यात फटी राहतात, हवा खेळते, आग स्वच्छ जळते. भुसा त्या फटी भरून काढतो. वरचा भुसा भप्पकन पेटतो, खालचा हवेविना धुमसत राहतो. झाकणाखालून दाट पांढरा धूर येऊ लागला की समजा, जळण पेटण्याऐवजी धुमसतंय. इकडे कंट्रोलरने आणखी पेलेट आणून टाकलेलेच असतात. मग कधीतरी त्या ढिगाला हवा मिळते, सगळं एकदम पेट घेतं आणि आकडा २६० वर जातो. कंट्रोलर जळण कमी करतो, आग खाली बसते आणि तेच चक्र पुन्हा सुरू होतं. ढीग पेटलाच नाही तर आग विझते. पंख्याच्या वाऱ्याने हलका भुसा अर्धवट जळून उडतो आणि चिकनवर काळे ठिपके पडतात, तेही यातलंच. तुम्ही ठिपक्यांबद्दल लिहिलेलं नाही, पण एकदा बघा.

तरीही सगळा दोष भुशावर टाकू नका. आधी हे लक्षात घ्या की थोडा चढउतार असायचाच. जुन्या पद्धतीचा कंट्रोलर ठरावीक वेळाने पेलेट टाकतो, त्यात २२५ ला लावल्यावर १५-२० अंश इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे. पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमान सतत बघून जळण कमीजास्त करणारा, असेल तर फरक बराच कमी असतो. शिवाय झाकण उघडलं की आकडा पडतो आणि मिटल्यावर काही वेळ वर जातो. तुमचा १९० ते २६० चा झोका मात्र दोन्ही प्रकारांत जास्तच आहे.

माझ्याकडे असं झालं की मी पहिल्यांदा फायरपॉट बघते. राख साचली असेल तर हवेची भोकं बुजतात आणि पेटवणारी कांडी राखेखाली दबते. भुशानेही हेच होतं, पण राखेने जास्त वेळा होतं. दुसरं, आतल्या भिंतीवर तापमान मोजणारी छोटी सळई असते. तिच्यावर तेलकट काजळी चढली की ती उशिरा आणि चुकीचं वाचते. आपल्याकडे मॅरिनेशनमध्ये दही आणि तेल भरपूर असतं, चिकन लेग्जची चरबी वेगळी, त्यामुळे ही सळई लवकर माखते. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ कापडाने पुसायची, घासायची नाही. तिसरं, हॉपरमध्ये पोकळी होणं. मधले पेलेट खाली जातात, कडेचे भिंतीला धरून राहतात आणि मध्ये विहीर तयार होते. वरून हॉपर अर्धा भरलेला दिसतो, पण ऑगरच्या तोंडाशी काही नसतं. भुसा जास्त असला की पेलेट सरकत नाहीत आणि ही विहीर लवकर पडते. चिकन निम्मं झाल्यावर आग विझली असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला हीच शंका पहिली येते. लांब शिजवणी असेल तर तासा-दोन तासांनी हॉपरचं झाकण उघडून लाकडी उलथन्याने कडेचे पेलेट मध्ये लोटा. हात घालू नका, खाली ऑगर फिरत असतो.

विझलेल्या ग्रिलबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगते. आग विझली की घाईने पुन्हा चालू करायचं नाही. विझायच्या आधी कंट्रोलरने फायरपॉटमध्ये पेलेट ओतलेले असतात, चालू केल्यावर ऑगर आणखी टाकतो. मग तो अख्खा ढीग आणि त्यातून निघालेला धूर एकदम पेटतो. झाकण उडण्याइतका भडका होऊ शकतो. ग्रिल बंद करायचं, वायर काढायची, पूर्ण गार होऊ द्यायचं. मग अन्न, जाळ्या, खालचे पत्रे काढून फायरपॉट रिकामा करायचा आणि तेव्हाच पुन्हा पेटवायचं. पेटवताना झाकण उघडं ठेवायचं की बंद, हे प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत वेगळं असतं, ते वाचून तसंच करा. तोवर निम्मं शिजलेलं चिकन ओव्हनमध्ये ढकलायचं आणि १६५ अंश फॅरनहाइटपर्यंत नेऊन पूर्ण करायचं. कोमट ग्रिलमध्ये ते तसंच ठेवून वाट बघायची नाही.

ग्रिल बंद करायची पद्धतही याच्याशी जोडलेली आहे. काम झालं की बरेच जण सरळ प्लग ओढतात. बंद करण्याचं चक्र असतं ते पूर्ण होऊ द्या, पंखा आपोआप थांबेपर्यंत. त्या वेळात फायरपॉटमधलं उरलेलं जळण जळून जातं. प्लग ओढला तर निखारा तिथेच राहतो आणि ऑगरच्या नळीत बारीक भुसा भरलेला असेल तर त्यातून धुमसत हॉपरकडे सरकू शकतो.

आता चाळण्याबद्दल. मी चाळते ते अशा वेळी: रात्रभराची शिजवणी असेल, म्हणजे पोर्क शोल्डर किंवा अख्खी मांडी, जेव्हा आपण झोपलेले असतो आणि ग्रिलवर लक्ष नसतं. पिशवी तळाला आली असेल. नवीन कंपनीची पिशवी पहिल्यांदा उघडली असेल. किंवा वजन करून भुसा जास्त निघाला असेल. शनिवारी तासाभरात कणसं आणि पनीर करायचं असेल तर मी चाळत बसत नाही. पिशवी हळू वाकवून ओतते, झटकत नाही, आणि शेवटचा ओंजळभर माल पिशवीतच राहू देते. एवढ्यानेच निम्म्याहून जास्त भुसा बाहेर राहतो.

जाळी एक अष्टमांश इंची घ्या, म्हणजे साधारण ३ मिलिमीटरची. हार्डवेअरच्या दुकानात हार्डवेअर क्लॉथ म्हणून गॅल्व्हनाइज्ड जाळीचं भेंडोळं मिळतं. पाव इंची जाळी घेऊ नका. पेलेटची जाडीच पाव इंच असते, त्यामुळे उभे झालेले आखूड पेलेट अडकून बसतात नाहीतर खाली पडतात आणि चांगलं जळण भुशात जातं. उलट फार बारीक जाळी लगेच बुजते. लाकडी पट्ट्यांची चौकट करा, पाच गॅलनच्या बादलीच्या तोंडापेक्षा थोडी मोठी, आणि जाळी स्टेपल गनने ठोकून टाका. दोन-तीन पौंड घ्यायचे आणि पोहे चाळतो तसं हलक्या हाताने पुढे-मागे हलवायचं. जोरात घुसळलंत तर चाळता चाळता नवा भुसा तयार होईल. घरात भारतातून आणलेली गव्हाची चाळण असेल तर तिनेही काम होतं, पण मग ती पुन्हा धान्याला वापरू नका.

चाळायचं ते बाहेर, वाऱ्याकडे पाठ करून आणि एन-९५ मास्क लावून. हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तो धोका प्रामुख्याने वर्षानुवर्षं सुतारकामाच्या धुळीत काम करणाऱ्यांना असतो, महिन्यातून एकदा पिशवी चाळणाऱ्याला त्यांच्याइतका नाही. पण दमा असलेल्याला एका दिवसाची धूळही पुरते, आणि मुलं जवळ खेळत असतात. शिवाय हवेत उडालेली लाकडाची धूळ ठिणगीने पेट घेते, त्यामुळे पेटलेल्या ग्रिलजवळ किंवा गॅसचा वॉटर हीटर असलेल्या गॅरेजमध्ये चाळायचं नाही.

चाळणं सोपं आहे म्हणून लोक चाळतात, आणि ज्यामुळे खरा फरक पडतो ती हॉपरची सफाई राहून जाते. तुम्ही ओतलेला प्रत्येक पेलेट खाली सरकताना दुसऱ्यावर घासतो, म्हणजे चाळून घातलात तरी हॉपरमध्ये नवा भुसा तयार होतोच. हॉपरच्या उतरत्या भिंती जिथे ऑगरला मिळतात त्या कोपऱ्यात तो बसतो, आणि वरून भर पडत राहते म्हणून दिसत नाही. वसंतात तुमचं ग्रिल नीट चालत होतं आणि ऑगस्टमध्ये बिघडलं, याचा अर्थ मला तरी असाच लागतो: पिशव्या अचानक वाईट झालेल्या नाहीत, मधल्या काळात हॉपर कधी तळापर्यंत रिकामा झालेला नाही. दर दोन-तीन पिशव्यांनी, आणि उन्हाळ्यात त्याआधीच, हॉपर पूर्ण रिकामा करा. बऱ्याच ग्रिलना मागे किंवा खाली पेलेट काढायचं दार असतं. दार नसेल तर डबड्याने उपसा. ग्रिल गार आणि वायर काढलेली हवी. मग शॉप व्हॅकची, म्हणजे गॅरेजमधल्या दणकट व्हॅक्यूमची, अरुंद नळी लावून ऑगरच्या तोंडापर्यंतचा भुसा ओढून घ्या. आपला हात हॉपरमधल्या जाळीतून आत पोचत नसेल तर नळी पोचते.

त्याच फेरीत फायरपॉटची राखही काढा. पण राख आदल्या दिवशीची, पूर्ण गार झालेली हवी. राखेत निखारा बारा तासांनीही जिवंत सापडू शकतो, आणि तो व्हॅक्यूमच्या भुसा भरलेल्या प्लास्टिकच्या टाकीत गेला तर आगीला आमंत्रणच. राखेसाठी धातूच्या टाकीचा वेगळा व्हॅक्यूम मिळतो. तो नसेल तर पळीने काढून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. स्वच्छ लाकडाची राख वजनाच्या एक टक्क्याहूनही कमी पडते, त्यामुळे हे काम फार मोठं नाही.

आता ओल. हवेतला दमटपणा पेलेट ओढून घेतात आणि भुसा त्याहून वेगाने ओढतो, कारण त्याचं दाबलेलं कवच आधीच फुटलेलं असतं. ओला भुसा फुगतो, ऑगरच्या पात्यांत घट्ट बसतो, आणि पुढच्या वेळी ग्रिल तापलं की तिथेच वाळून दगडासारखा होतो. ग्रिलवर कव्हर घालता म्हणून निर्धास्त राहू नका. कव्हर पावसाला अडवतं, हवेतल्या बाष्पाला नाही, उलट गरम दिवसानंतर आत दव धरतं. माझा नेम असा की आठवड्याभरात पुन्हा ग्रिल लागणार नसेल तर हॉपर रिकामा करते. तुमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तेच करा. हिवाळ्यात महिनोन्महिने बंद ठेवणार असाल तर ऑगरही चालवून रिकामा करा. हॉपर उपसून ग्रिल चालू करायचं, नळीतले पेलेट फायरपॉटमध्ये येऊन जळू द्यायचे, मग बंद करण्याचं चक्र पूर्ण करायचं.

पिशव्या थेट काँक्रीटच्या फरशीवर ठेवू नका. बऱ्याच पिशव्यांना हवा जायला बारीक छिद्रं असतात, तिथूनच ओल शिरते. खाली लाकडी फळी ठेवा, आणि पिशवी उघडली की माल रबरी कडीच्या, फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाच्या पाच गॅलनच्या बादलीत भरा. अशा एका बादलीत २० पौंड आरामात मावतात. चाळायचं असेल तर याच वेळी चाळा, म्हणजे ओतणं एकदाच होतं. दुकानाबाहेर ताडपत्रीखाली रचलेल्या पिशव्या स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नयेत, आणि शेगडीचे पेलेट तर मुळीच नाहीत. ते घर तापवण्यासाठी बनवतात, त्यात पाइनसारखं राळेचं लाकूड किंवा फर्निचरच्या कारखान्यातलं उरलंसुरलं असू शकतं. तो धूर आपल्या जेवणाला नको.

हे सगळं करूनही ऑगर अडकला तर? मोटर गुणगुणते पण स्क्रू फिरत नाही, किंवा मोटरच्या मागचा छोटा पंखा जागच्या जागी थरथरतो, ही खूण. पाणी ओतायचं नाही, हातोडा मारायचा नाही. हॉपर रिकामा करा, वायर काढा आणि मोटर व ऑगर जोडणारी पिन बघा. ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, जेणेकरून अडकल्यावर ती तुटावी आणि मोटर वाचावी. तुटली असेल तर तशीच दुसरी घाला, कडक पोलादी बोल्ट घालू नका. मग मोटर सोडवून ऑगर बाहेर ओढायचा, तो कुठल्या बाजूने निघतो हे मॉडेलवर अवलंबून आहे. नळीतला घट्ट झालेला भुसा लाकडी दांड्याने टोकरून काढायचा. हे जमण्यासारखं आहे, पण वॉरंटी चालू असेल तर खोलायच्या आधी कंपनीला फोन करा.

तुमच्या ग्रिलसाठी मी हा क्रम लावला असता. या शनिवारी हॉपर तळापर्यंत रिकामा करून व्हॅक्यूम करा, फायरपॉटची राख काढा, तापमानाची सळई पुसा. मग नव्या, टचकन मोडणाऱ्या, चाळलेल्या पेलेटवर काहीही न शिजवता २२५ ला तासभर चालवून आकडा बघा. स्थिर राहिला तर कारण सापडलं. मग पुढच्या पिशवीला चाळू नका आणि फरक पडतो का बघा. पडला नाही तर चाळायचं काम तुमच्यापुरतं संपलं. स्वच्छ ग्रिलवरही झोका तसाच राहिला तर पंखा, सळई किंवा कंट्रोलर यांपैकी काहीतरी बिघडलंय आणि कितीही चाळून उपयोग नाही.

राहिला भुसा. तो मुठीने फायरपॉटमध्ये टाकू नका, भडका उडतो. धुराच्या नळीत म्हणजे स्मोक ट्यूबमध्येही भरू नका, तिथे तो दबून विझतो, तिला अख्खे पेलेटच लागतात. पण नागमोडी वाटेचा जाळीचा ट्रे मिळतो, तो खास भुशासाठीच असतो. एका टोकाला पेटवला की काही तास ठिणगीसारखा सरकत धुमसतो आणि उष्णता जवळजवळ देत नाही. बंद ग्रिलमध्ये तो ठेवून मी थंडीच्या दिवसांत चीज आणि पनीर धुरावते. आतलं तापमान ९० अंशांच्या वर जाता कामा नये, नाहीतर चीज गळायला लागतं. तुमच्याकडे नोव्हेंबरनंतर त्याला उत्तम हवा असते. चेरीचा किंवा सफरचंदाच्या लाकडाचा भुसा यासाठी कोरड्या बरणीत जपून ठेवा. धुरावलेलं पनीर कागदात गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी धुराचा उग्रपणा उतरलेला असतो. ओलसर आणि मिश्र भुसा कंपोस्टमध्ये टाका, पण पातळ थरात आणि भाजीच्या देठा-सालींबरोबर, कारण नुसत्या भुशाचा ढीग कुजायला फार वेळ घेतो. ड्राइव्हवेवर गाडीचं तेल सांडलं तर त्यावर टाकायलाही तो चांगला, फक्त तेल शोषलेला भुसा नंतर कंपोस्टमध्ये घालू नका.